ई-पुस्तकांचा संग्रह : निवड आणि निगा

डिजिटल ग्रंथालयाचा ई-पुस्तकसंग्रह म्हणजे वाचकांच्या उपयोगासाठी विचारपूर्वक निवडलेल्या, नीट नोंदवलेल्या आणि पुढेही उघडतील अशा अवस्थेत राखलेल्या ग्रंथांचा समुच्चय. या व्याख्येतल्या तिन्ही अटी सारख्याच तोलाच्या आहेत. निवड केली नाही तर फाइलींचा ढीग होतो. नोंद केली नाही तर पुस्तक असूनही हाती लागत नाही. निगा राखली नाही तर आज उघडणारी फाइल दहा वर्षांनी उघडेलच असे सांगता येत नाही. चांगल्या कागदावर छापलेले पुस्तक कपाटात पन्नास वर्षे पडून राहिले तरी धूळ झटकून बहुधा वाचता येते. ई-पुस्तकाला ही सवलत मिळत नाही. ते जागा कमी व्यापते, पण लक्ष अधिक मागते. ई-पुस्तकांच्या ग्रंथपालनाचा सारा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

संग्रहात येणारी ई-पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. काही छापील ग्रंथांची पाने स्कॅन करून तयार होतात, तर काही मुळातच संगणकावर तयार झालेली असतात. ग्रंथालयाशी असलेल्या नात्यावरून त्यांचे आणखी तीन प्रकार पडतात : ग्रंथालयाच्या मालकीची व त्याच्याच सर्व्हरवर ठेवलेली पुस्तके, प्रकाशकाकडून किंवा वितरकाकडून ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेली पुस्तके, आणि दुसऱ्या संस्थेने ठेवलेली व ज्यांचा केवळ दुवा आपल्या तालिकेत आहे अशी पुस्तके. वाचकाला पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. ग्रंथपालाची जबाबदारी मात्र प्रत्येक वेळी निराळी असते. पहिल्या प्रकारात पुस्तक जपायचे असते, दुसऱ्यात परवान्याची मुदत सांभाळायची असते आणि तिसऱ्यात दुवा जिवंत आहे की नाही हे पाहत राहायचे असते.

पूर्वपीठिका

ई-पुस्तकांच्या इतिहासाची सुरुवात सामान्यतः १९७१ पासून धरतात. त्या वर्षी मायकेल हार्ट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला. १९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी इंटरनेट अर्काइव्हची स्थापना केली, २००४ मध्ये गुगलने मोठ्या ग्रंथालयांतील पुस्तके स्कॅन करण्याचे काम जाहीर केले आणि २००८ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांनी एकत्र येऊन हाथीट्रस्ट हे सामाईक भांडार सुरू केले. भारतात कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांच्या पुढाकाराने चाललेल्या दशलक्ष ग्रंथांच्या प्रकल्पातून डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आकाराला आली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था तिच्या केंद्रस्थानी होती. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले.

मराठी ग्रंथांच्या दृष्टीने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा अनुभव फार बोलका आहे. एरवी मोजक्या जुन्या ग्रंथालयांत जाऊनच पाहावी लागणारी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील असंख्य मराठी पुस्तके तिने घरबसल्या वाचायला दिली. संशोधकांवर तिचे हे ऋण मोठे आहे. पण काम झपाट्याने आणि फार मोठ्या प्रमाणावर झाले. ग्रंथनामे रोमन लिपीत, प्रत्येक केंद्राच्या आपापल्या पद्धतीने लिहिली गेली. काही पुस्तके दोनदा-तीनदा स्कॅन झाली, काहींची पाने निसटली, काही कलती किंवा कापली गेली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले आणि त्यातील बरीचशी पुस्तके आज वाचक इंटरनेट अर्काइव्हवर शोधतात. या प्रकल्पाने दोन धडे दिले. संख्या जमवणे हा संग्रहाचा फक्त पहिला टप्पा आहे, आणि एका ठिकाणी ठेवलेले भांडार कितीही मोठे असले तरी ते एकाच ठिकाणी असते.

महाराष्ट्रात मराठी विश्वकोशाचे खंड आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध झाली. ई साहित्य प्रतिष्ठानने लेखकांच्या संमतीने ई-पुस्तके मोफत वाटली, तर बुकगंगासारख्या विक्रेत्यांनी मराठी ई-पुस्तकांची बाजारपेठ उभी केली. विकिस्रोतावर स्वयंसेवक जुन्या ग्रंथांची पाने एकेक करून तपासतात. म्हणजे मराठी ग्रंथालयाला आज पुस्तकांची वानवा नाही. अडचण आहे ती विखुरलेल्या पुस्तकांतून आपल्या वाचकाला हवे ते निवडून एका जागी नीट मांडण्याची.

निवडीचे धोरण

ग्रंथनिवड लेखी धोरणानुसार व्हावी हा छापील पुस्तकांबाबतचा जुना नियम ई-पुस्तकांना अधिकच लागू पडतो. कपाट भरले की छापील खरेदीला आपोआप आळा बसतो. डिस्कवर तसा आळा बसत नाही आणि फुकट मिळणारी फाइल नाकारणे कुणालाही जड जाते. धोरणात किमान चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : संग्रह कुणासाठी आहे, कोणत्या विषयांना व भाषांना अग्रक्रम आहे, कोणत्या स्वरूपाच्या व दर्जाच्या फाइली घ्यायच्या, आणि काय घ्यायचे नाही. शेवटचा मुद्दा बहुतेक धोरणांत नसतो आणि नंतर भांडणे त्यावरूनच होतात.

निवडीचा मूळ निकष वाचक हाच. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत ग्रंथ उपयोगासाठी असतात हे पहिले सूत्र आहे आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हे शेवटचे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची गर्दी असलेल्या तालुक्याच्या ग्रंथालयाला अद्ययावत पाठ्यग्रंथांचे परवाने लागतील. इतिहास संशोधन संस्थेला बखरी, कागदपत्रांचे खंड आणि जुनी नियतकालिके लागतील. शाळेच्या ग्रंथालयाला मोबाइलच्या लहान पडद्यावर सुखाने वाचता येतील अशी सचित्र बालपुस्तके लागतील. तिघांनी एकच तयार यादी उतरवून घेतली तर ती तिघांनाही निरुपयोगी ठरते.

दुसरा निकष दुर्मिळतेचा. जे पुस्तक आधीच तीन भरवशाच्या भांडारांत चांगल्या अवस्थेत आहे, ते चौथ्यांदा स्कॅन करण्यात श्रम आणि पैसा वाया जातो. अशा पुस्तकाचा दुवा आणि चांगली नोंद पुरेशी असते. उलट, गावातील शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, स्थानिक सहकारी संस्थेचा इतिहास, एखाद्या संस्थानचा प्रशासकीय अहवाल किंवा जिल्ह्यातल्या छापखान्यात निघालेली पुस्तिका दुसऱ्या कुणाकडे असण्याचा संभव कमी असतो. लहान ग्रंथालयाचा स्वतःचा डिजिटल संग्रह अशाच साहित्याचा असावा. काय छापले गेले होते हे जाणण्यासाठी शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’सारखे साधन नाही. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची नोंद तिच्या खंडांत आहे. आपल्या दाखल नोंदवहीची ग्रंथसूचीशी आणि मोठ्या भांडारांच्या याद्यांशी तुलना केली, की कोणती पुस्तके आधी स्कॅन करावीत याचा क्रम आपोआप लागतो.

तिसरा निकष आवृत्तीचा आहे आणि तो हमखास दुर्लक्षिला जातो. ‘ज्ञानेश्वरी’ हे एकच नाव असले तरी वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत, सांप्रदायिक परंपरेतील साखरे महाराजांची प्रत आणि पुढे निघालेली शासकीय प्रत यांच्या पाठांत फरक आहेत. पारायण करणाऱ्याला, भाषेच्या अभ्यासकाला आणि विद्यार्थ्याला वेगवेगळ्या प्रती हव्या असतात. म्हणून संग्रहात एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती असणे हा दोष नव्हे. त्या प्रती कोणत्या हे न सांगणे हा दोष आहे. हेच अनुवादांना, संक्षिप्त आवृत्त्यांना आणि सुधारून वाढवलेल्या पाठ्यग्रंथांना लागू आहे.

हक्क आणि परवाने

निवडलेले पुस्तक संग्रहात घेता येते की नाही हे कायदा ठरवतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क चालतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजतात. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’सारखी पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुली झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या हयातीतल्या ग्रंथांसाठी ही तारीख १ जानेवारी २०१७ येते. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. त्यांची पुस्तके २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ग्रंथ जुना, पिवळा पडलेला आणि बाजारात न मिळणारा आहे म्हणून तो मुक्त ठरत नाही. मोजायचे असते ते लेखकाच्या मृत्यूचे वर्ष.

या साध्या हिशेबाला काही पोटनियम आहेत. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात शेवटी निवर्तलेल्या लेखकाचे वर्ष धरतात. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या पुस्तकाची आणि शासकीय प्रकाशनाची ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून धरली जातात. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकाच्या हक्काहून स्वतंत्र असतो. नव्या आवृत्तीतील संपादकीय प्रस्तावना, टिपा आणि चित्रे यांच्यावरही स्वतंत्र हक्क असू शकतो. त्यामुळे मुक्त झालेल्या ग्रंथाचे स्कॅन करताना शक्यतो जुनी आवृत्ती घ्यावी आणि नोंदीत हक्काचा आधार लिहून ठेवावा : लेखकाचे मृत्युवर्ष, आवृत्तीचे वर्ष, आणि हे कुणी व कधी तपासले. ही एक ओळ पुढे हरकत आली तर ग्रंथालयाचा बचाव करते.

संरक्षित ग्रंथांबाबतही कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना थोडी मोकळीक दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेला ग्रंथ जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येतो. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या उपयोगासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. जतनासाठी केलेली प्रत सर्वांना डाउनलोड करू देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ही सवलत तिथपर्यंत पोचत नाही. जतनाची प्रत आणि वाचकाला द्यायची प्रत यांचे हक्क नोंदीत वेगवेगळे दाखवले तर गोंधळ टळतो.

परवान्यावर घेतलेल्या पुस्तकांचा हिशेब निराळा. तेथे पुस्तक विकत घेतले जात नाही. विशिष्ट अटींवर ते वाचण्याची मुभा मिळते. काही परवान्यांत एका वेळी एकच वाचक पुस्तक उघडू शकतो, काहींत वर्षांची किंवा देवघेवींची मर्यादा असते. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये अमेरिकी ग्रंथालयांसाठी प्रत्येक ई-पुस्तकावर २६ देवघेवींची मर्यादा घातली, तेव्हा या प्रश्नाची जगभर चर्चा झाली. त्याआधी २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांची विकलेली पुस्तके परत काढून घेतली, कारण ती विकण्याचा हक्क विक्रेत्याकडे नव्हता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. परवाना घेताना म्हणूनच काही प्रश्न लेखी विचारावेत. मुदत संपल्यावर काय राहते? वितरक बंद पडला तर पुस्तके कुठून मिळतील? घरून वाचता येते का? वाचकाची कोणती माहिती वितरकाकडे जाते? ज्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे अवलंबून राहायचे, ती शक्य असेल तेथे कुलूप नसलेल्या फाइलीसह कायमची विकत घ्यावीत.

फाइलीचे स्वरूप आणि देवनागरी

स्कॅन करताना दोन प्रती तयार होतात. एक मूळ प्रत; तिच्यात पानाचा तपशील जसाच्या तसा राखायचा आणि ती सहसा टिफ स्वरूपात ठेवतात. दुसरी वाचकाची प्रत, आकाराने लहान, बहुधा पीडीएफ. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे एक पान ४०० डीपीआयवर रंगीत आणि न दाबता साठवले तर सुमारे २२ मेगाबाइट होते. म्हणजे ३०० पानांच्या पुस्तकाच्या मूळ प्रतीला साडेसहा गिगाबाइटपेक्षा जास्त जागा लागते. वाचकाची प्रत त्याच्या शंभराव्या भागातही बसते. जागा वाचवण्यासाठी मूळ प्रत टाकून दिली, तर पुढे अधिक चांगली वाचनप्रत बनवण्यासाठी तेच जीर्ण पुस्तक पुन्हा उलगडावे लागते आणि तोवर ते उलगडण्याजोगे राहिलेले नसते.

पानाचे चित्र माणसाला वाचता येते, शोधयंत्राला नाही. त्यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी आज्ञावली लागते. टेसरॅक्टसारखी मुक्त आज्ञावली मराठी ओळखते आणि स्वच्छ छपाईवर तिचे काम चांगले होते. जुन्या छपाईत मात्र तिची परीक्षा होते. ‘ख’ हा ‘रव’ होतो, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होते, झिजलेल्या खिळ्यांनी तुटलेली शिरोरेखा शब्द मधूनच तोडते, पाठीमागची शाई उमटली असेल तर अनुस्वार नसलेल्या जागी अनुस्वार येतो. अशा मजकुरावर शोध चालवता येतो, पण तो वाचकाला ग्रंथाचा पाठ म्हणून देता येत नाही. पाठ द्यायचा असेल तर मुद्रितशोधन माणसानेच करावे लागते, आणि ते झाले आहे की नाही हे नोंदीत लिहावे लागते.

मुळात डिजिटल असलेल्या पुस्तकांसाठी ईपब हे स्वरूप सर्वांत सोयीचे. पडद्याच्या रुंदीप्रमाणे त्यातील ओळी जुळतात, अक्षर लहानमोठे करता येते आणि त्याचे प्रमाण खुले असल्याने ते एका कंपनीच्या यंत्राशी बांधलेले नसते. पानांची मांडणी महत्त्वाची असलेल्या ग्रंथांना पीडीएफ योग्य. तिचे दीर्घकालीन जतनासाठी केलेले पीडीएफ-ए हे प्रमाण २००५ पासून आहे आणि त्यात फाँट फाइलीतच बसवणे सक्तीचे असते. मराठीला या सक्तीचे मोल चांगले ठाऊक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटांत, प्रत्येकाच्या वेगळ्या संकेतांत टंकित होत असे. तो फाँट संगणकावर नसेल तर त्या फाइलीत रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. अनेक प्रकाशकांकडे नव्वदच्या दशकातील पुस्तके आजही अशा अवस्थेत पडून आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात.

युनिकोडमध्येही मराठीच्या काही खाचाखोचा उरतात. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळेपर्यंत ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले जाई आणि आजही अनेक ठिकाणी तसेच लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. संग्रहाने एक रूप प्रमाण मानून बाकीची त्यात बदलून घेतली नाहीत, तर संग्रहात असलेले पुस्तक शोधात येत नाही. फाइलीची भाषा हिंदी नसून मराठी आहे हेही तिच्यात नोंदवावे लागते. तशी नोंद असली तर त्याची सोय असलेल्या फाँटात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात आणि मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली मराठी उच्चार निवडते.

नोंद : पुस्तक सापडण्याची हमी

ई-पुस्तकाच्या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. १९९५ मध्ये आकाराला आलेल्या डब्लिन कोअरच्या १५ घटकांवर, म्हणजे ग्रंथनाम, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा, हक्क इत्यादींवर, लहान ग्रंथालयाचे काम भागते. मोठी ग्रंथालये मार्क २१ वापरतात. कोणतीही पद्धत घेतली तरी नोंदीचा कस एकाच गोष्टीवर लागतो : वाचक ज्या नावाने शोधेल त्या नावाने पुस्तक मिळाले पाहिजे.

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी घेतली तर अडचण लगेच ध्यानात येते. जुन्या मुखपृष्ठावर ‘लक्षांत’ अनुस्वारासह छापले आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे आजचा वाचक ‘लक्षात’ असे टंकित करतो. काही याद्यांत हेच नाव रोमन लिपीत, तेही दोन-तीन वर्णरचनांत आढळते. लेखकाचे नाव कुठे ‘आपटे, हरि नारायण’, कुठे ‘ह. ना. आपटे’, कुठे ‘हरिभाऊ आपटे’ असते. यांपैकी एकच रूप नोंदले तर बाकीच्या रूपांनी शोधणाऱ्याला हे पुस्तक संग्रहात नाही असे वाटते आणि तो निघून जातो. उपाय जुनाच आहे : मुखपृष्ठावरचे नाव जसेच्या तसे मुख्य नोंदीत ठेवावे, आधुनिक लेखन आणि रोमन रूप पर्यायी नावे म्हणून द्यावीत, आणि लेखकांसाठी प्रमाणनावांची एक यादी सांभाळावी. टोपणनावांच्या परंपरेमुळे मराठीत ही यादी अटळच आहे. केशवसुत हे कृष्णाजी केशव दामले, गोविंदाग्रज हे राम गणेश गडकरी आणि कुसुमाग्रज हे वि. वा. शिरवाडकर आहेत. ही जोडणी नसली तर एकाच लेखकाची कविता आणि नाटके दोन अनोळखी माणसांच्या नावावर राहतात.

सालाचीही काळजी घ्यावी लागते. जुन्या मराठी ग्रंथांवर अनेकदा शकाचेच वर्ष असते. शके १८३१ म्हणजे इसवी सन १९०९ किंवा १९१०चे आरंभीचे महिने. शकात ७८ मिळवायचे विसरून १८३१ हेच इसवी सन म्हणून नोंदले, की विसाव्या शतकातले पुस्तक पेशवाई बुडून जेमतेम तेरा वर्षे झाली तेव्हाचे ठरते. शक आणि सन दोन्ही लिहिले की चूक आपली आपण दिसते.

निगा

संग्रह उभा राहिल्यावर निगा सुरू होते आणि ती कधीच संपत नाही. डिस्क बिघडते, फाइल उतरवताना तिचा एखादा भाग निसटतो, साठवणीत तिच्यातले काही अंश आपोआप पालटतात. बाहेरून फाइल तशीच दिसते. एखाद्या वाचकाला दोनशेवे पान कोरे मिळाले म्हणजे बिघाड कळतो. तो आधी कळावा म्हणून प्रत्येक फाइलीचा चेकसम काढून ठेवतात. फाइलीतील सर्व अंशांवरून गणिताने काढलेली ही एक ठरावीक लांबीची खूण असते. फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी ती खूण बदलते. ठरावीक काळाने सर्व फाइलींच्या खुणा पुन्हा काढून जुन्या खुणांशी जुळवल्या, की नेमकी कोणती फाइल बिघडली ते समजते आणि चांगल्या प्रतीवरून ती बदलता येते.

अर्थात चांगली प्रत दुसरीकडे असली तरच. सर्वमान्य संकेत असा आहे की प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. एकाच इमारतीतल्या तीन डिस्क आगीत किंवा पुरात एकाच वेळी जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९९९ मध्ये निघालेल्या लॉक्स या योजनेचे तत्त्वही हेच आहे : अनेक ग्रंथालयांनी एकाच साहित्याच्या प्रती ठेवायच्या आणि त्या परस्परांशी ताडून दुरुस्त करत राहायच्या. महाराष्ट्रातील दोन जिल्ह्यांच्या ग्रंथालयांनी एकमेकांच्या मूळ प्रती सांभाळण्याचा साधा करार केला, तरी हे तत्त्व अमलात येते आणि खर्च डिस्कपुरताच राहतो.

फाइल शाबूत राहूनही निरुपयोगी होऊ शकते. ब्रिटनमध्ये १९८६ साली बीबीसीने देशाचे चित्र टिपणारा डोम्सडे प्रकल्प लेझर डिस्कवर प्रसिद्ध केला. पंधरा-वीस वर्षांतच ती यंत्रे दुर्मिळ झाली आणि मजकूर सोडवून घेण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रयत्न करावे लागले. त्याच देशात १०८६ मध्ये झालेल्या पाहणीचे मूळ डोम्सडे पुस्तक मात्र आजही वाचता येते. संग्रहात कोणत्या स्वरूपाच्या किती फाइली आहेत याचा आढावा घेणे आणि मागे पडत चाललेले स्वरूप वेळीच नव्यात बदलणे हा म्हणूनच निगराणीचा भाग ठरतो. रूपांतर करताना मूळ फाइल टाकून द्यायची नसते.

निगेत संग्रहाची छाननीही येते. जागा मुबलक असल्याने ई-पुस्तके काढून टाकण्याची गरज नाही असा समज आहे, पण तो टिकत नाही. जुन्या अभ्यासक्रमाचा मार्गदर्शक, रद्द झालेल्या कायद्यावरचे भाष्य, कालबाह्य वैद्यकीय सल्ला शोधात पहिल्याच पानावर आला तर वाचकाचे नुकसान होते. अशी पुस्तके इतिहासाच्या अभ्यासासाठी वेगळ्या विभागात हलवावीत किंवा निर्लेखित करावीत. दुहेरी फाइली, मुदत संपलेल्या परवान्यांच्या नोंदी आणि तुटलेले दुवे नियमाने काढावेत. वापराच्या आकड्यांची यात मदत होते, पण त्यांचा अर्थ जपून लावायला हवा. पाठ्यपुस्तक दर आठवड्याला उघडले जाते. जिल्ह्याचा जुना अहवाल पाच वर्षांत एकदाच उघडला जातो, पण त्या एका वाचकाला तो दुसरीकडे मिळणारा नसतो. परवाना चालू ठेवायचा की नाही हे आकड्यांवरून ठरवावे. दुर्मिळ ग्रंथाचे स्थान त्यांवरून ठरवू नये.

सर्वांना वाचता येणे

ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ई-पुस्तक हा अनेकदा एकमेव मार्ग असतो. दृष्टिहीन वाचक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या आधारे वाचतात. नुसत्या पानांच्या चित्रांची पीडीएफ त्यांच्यासाठी कोऱ्या कागदासारखी असते. २०१२ च्या कायदादुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती करण्यास परवानगी दिली, २०१४ मध्ये भारताने मराकेश करार सर्वांत आधी मान्य केला आणि २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे सुलभ ग्रंथांचे ऑनलाइन भांडार सुरू झाले. कायदा अनुकूल असताना राहते ती ग्रंथालयाची तयारी : निवडीच्या वेळीच मजकूर खरा आहे की फक्त चित्र आहे हे तपासणे, प्रकरणांना शीर्षकाच्या खुणा देणे, चित्रांना वर्णन जोडणे. हे काम आधी केले तर थोडे असते. हजार पुस्तके झाल्यावर करायचे म्हटले तर डोंगराएवढे होते.

या सर्व कामांना माणूस आणि पैसा लागतो. डिजिटल प्रकल्पांना निधी मिळतो तो बहुधा स्कॅनर, संगणक आणि उद्घाटनापर्यंतच्या कामासाठी. डिस्क बदलणे, खुणा तपासणे, नोंदी दुरुस्त करणे, परवान्यांचे नूतनीकरण हा दरवर्षीचा खर्च असतो आणि तो अंदाजपत्रकात नसेल तर संग्रह काही वर्षांतच खिळखिळा होतो. स्कॅनिंगच्या प्रत्येक मंजुरीबरोबर पुढच्या वर्षांच्या देखभालीची तरतूद मागणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, आणि ती देणे हे संचालक मंडळाचे.

लहान ग्रंथालयाने सुरुवात करायची तर क्रम असा ठेवता येतो. प्रथम एक-दोन पानांचे लेखी धोरण करावे. मग फक्त आपल्याकडेच असलेल्या शंभरएक ग्रंथांची यादी करून त्यांचे हक्क तपासावेत. त्यांतील मुक्त ग्रंथ नीट स्कॅन करून पूर्ण नोंदीसह खुले करावेत आणि प्रती दुसऱ्या गावी ठेवाव्यात. बाकीच्या गरजांसाठी मोठ्या भांडारांचे तपासलेले दुवे आणि मोजके परवाने घ्यावेत. वर्षातून एकदा सगळ्याची पडताळणी करावी आणि तिचा अहवाल वार्षिक सभेपुढे ठेवावा. शंभर पुस्तकांचा असा संग्रह, कुणी न पाहिलेल्या लाखभर फाइलींपेक्षा, वाचकाच्या अधिक उपयोगी पडतो आणि त्याच पायावर पुढे हजारांपर्यंत वाढवताही येतो.